इंट्रानेटवर पुन्हा पुन्हा जुनंच परिपत्रक दिसतं: कारण कसं शोधायचं आणि बंदोबस्त कसा करायचा

तक्रार साधारण अशी येते. एचआरने इंट्रानेटवर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर, नवं परिपत्रक टाकलं. टाकणाऱ्याला ते नीट दिसतं, बाकीच्यांना मात्र जुनंच दिसतं. आयटीवाले काहीतरी दुरुस्त करतात, थोडे दिवस शांतता राहते आणि मग दुसऱ्याच विभागातून तीच तक्रार परत येते.

नागपुरात ही तक्रार वर्षातल्या ठरावीक वेळी हमखास वाढते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की शिफ्टच्या वेळा बदलतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते, पण पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या सुट्यांच्या यादीत तो दिवस नसतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो, हिवाळी अधिवेशनात सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे वळवले जातात, तेव्हा स्टाफ बसचा मार्ग आणि वेळ दोन्ही बदलतात. अशा दिवशी चुकीचा कागद वाचल्याची किंमत ऑफिसात बसलेला माणूस मोजत नाही. पहाटे मानेवाडा चौकात बुटीबोरी औद्योगिक वसाहतीच्या बसची वाट पाहणारा हेल्पर मोजतो. बस निघून गेलेली असते आणि मस्टरवर खाडा लागतो. म्हणून ही तक्रार किरकोळ समजून बंद करू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढचं निदान शेअरपॉइंट (कंपनीचे कागद आणि पानं ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) समोर ठेवून लिहिलं आहे, कारण बऱ्याच कंपन्यांत तेच असतं. दुसरी प्रणाली असेल तर बटणांची नावं बदलतील, कारणं बहुतेक हीच निघतील.

आधी एवढं विचारा

"साहेब, माह्या मोबाईलमधी तं जुनंच दिसून राहिलं." एवढ्यावर कामाला लागू नका. तो कागद कुठून उघडला ते विचारा. मुखपृष्ठावरच्या लिंकवरून, शोधातून, जतन करून ठेवलेल्या बुकमार्कवरून, की व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफमधून? पडद्याचा फोटो मागताना वरची पत्त्याची पट्टी आणि कागदाचा जावक क्रमांक दोन्ही दिसू द्या. कारण या चार वाटांना चार वेगळे आजार असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की तक्रार तात्पुरती दबते, मिटत नाही.

टाकणाऱ्याला नवं, वाचणाऱ्याला जुनं

सगळ्यात जास्त सापडणारं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण हे आहे. लायब्ररीत, म्हणजे शेअरपॉइंटमध्ये फाइली ठेवायच्या जागेत, मेजर आणि मायनर अशा दोन्ही आवृत्त्या चालू असतील, तर ३.० ही प्रसिद्ध झालेली प्रत असते आणि त्यावर केलेले बदल ३.१, ३.२ असे मसुदे म्हणून साठतात. मसुदा कोणाला दिसावा हे लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ठरतं. तो फक्त संपादनाचा अधिकार असलेल्यांनाच दिसावा असं तिथे ठरवलेलं असेल, तर वाचण्यापुरती परवानगी असलेल्याला ३.० च दिसत राहते. कोणीतरी पब्लिश दाबून ४.० तयार करेपर्यंत हे असंच चालतं. एचआरच्या अधिकाऱ्याला ३.२ दिसते, आयटीच्या अॅडमिनलाही तीच दिसते, आणि दोघेही प्रामाणिकपणे सांगतात की आमच्याकडे तर बरोबर आहे. ते खरं बोलत असतात. कामगारही खरंच बोलत असतो.

तपासणी सोपी आहे. फाइलवर राइट क्लिक करून व्हर्जन हिस्टरी उघडा. सर्वांत वरचा आकडा पूर्णांक नसेल, तर ती फाइल अजून मसुदाच आहे. लायब्ररीच्या यादीत त्या फाइलपाशी चेक आउटची खूणही पाहा. चेक आउट म्हणजे बदल करण्यासाठी फाइल एकाने स्वतःच्या नावावर घेणं, चेक इन म्हणजे ती परत देणं. फाइल कोणाच्या नावावर चेक आउट असेल, तर इतरांना त्याआधीची प्रत दिसते. पहिल्यांदाच टाकलेली फाइल एकदाही चेक इन झालीच नसेल, तर ती टाकणाऱ्याशिवाय कोणालाच दिसत नाही. अशा फाइलींची यादी लायब्ररी सेटिंगमध्ये 'एकही चेक इन आवृत्ती नसलेल्या फाइली' या अर्थाच्या दुव्याखाली मिळते. ती एकदा उघडून पाहाच. कित्येक महिन्यांपूर्वी टाकलेले आणि कधीच कोणापर्यंत न पोचलेले कागद तिथे पडलेले असतात.

मान्यतेची पायरी लावलेली असेल तर आणखी एक ठिकाण तपासायला हवं. मान्यता देणारे साहेब रजेवर असले की कागद 'प्रलंबित' राहतो. वेब पानांचंही तसंच आहे. बदल करून नुसतं जतन केलं तर ते मसुद्यात राहतं, रिपब्लिश केल्यावरच लोकांना दिसतं.

उपाय सांगायचा तर असा. ज्या लायब्ररीत फक्त अंतिम, सही झालेली परिपत्रकं जातात, तिथे मायनर आवृत्त्या आणि सक्तीचा चेक आउट बंद करा. मसुदे एचआरच्या स्वतःच्या जागेत तयार होऊ द्या. एकाच लायब्ररीत लिहिणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं अशी तिन्ही कामं ठेवली की हा घोळ कधीच संपत नाही.

एकाच कागदाच्या चार प्रती

दुसरा आजार म्हणजे 'बस वेळापत्रक', 'बस वेळापत्रक नवीन', 'बस वेळापत्रक नवीन अंतिम' आणि 'बस वेळापत्रक अंतिम सुधारित'. मुखपृष्ठाची लिंक पहिल्या फाइलकडे जाते, नोटीस बोर्डावरचा क्यूआर कोड तिसरीकडे, आणि प्लांटच्या टाइम ऑफिसने (हजेरी नोंदवणाऱ्या कार्यालयाने) बुकमार्क केलेली असते दुसरी. प्रत्येकजण 'इंट्रानेटवरूनच' वाचत असतो.

फाइल बदलायची असेल तेव्हा त्याच नावाने, त्याच जागी टाका. आवृत्ती जतन होणं चालू असेल तर जुनी प्रत इतिहासात राहते, पत्ता तोच राहतो आणि आधी वाटलेल्या सगळ्या लिंका नव्या प्रतीकडे जातात. त्यासाठी फाइलच्या नावात वर्ष, महिना, 'नवीन', 'अंतिम' असं काही नको. ते सगळं कागदाच्या आत लिहा.

यावर एचआरचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. प्रत्येक परिपत्रकाला स्वतःचा क्रमांक आणि तारीख असते, मग एकावर दुसरं कसं टाकायचं? टाकू नका. 'स्टाफ बस' नावाचं एक कायमचं पान ठेवा. त्यावर आज लागू असलेल्या वेळा लिहा आणि त्या कोणत्या परिपत्रकाने ठरल्या ते नमूद करा. परिपत्रकं क्रमांकानुसार वेगळ्या लायब्ररीत जाऊ द्या. लोकांना नेहमी पानाची लिंक द्या, परिपत्रकाची नको.

दुसरी गोष्ट आपल्याला सरकारी कागदांवरून उचलता येते. राज्य शासनाच्या शासन निर्णयात आधीचा निर्णय बदलला असेल तर तो 'अधिक्रमित' केल्याचं स्पष्ट लिहितात, आणि शेवटी हा निर्णय संकेतस्थळावर अमुक संकेतांकाने उपलब्ध आहे असं नोंदवतात. त्यामुळे हातात आलेला कागद अजून लागू आहे का, हे शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. कंपनीच्या परिपत्रकातही या दोन ओळी सक्तीच्या करा: हे परिपत्रक कोणतं जुनं परिपत्रक रद्द करतं, आणि मूळ प्रत इंट्रानेटवर कोणत्या पत्त्यावर आहे. पहिली ओळ रिकामी असेल तर परिपत्रक चढवू नका. एवढ्या एका नियमाने जुन्या प्रतींचा निम्मा प्रश्न उगमाशीच थांबतो, कारण लिहिणाऱ्यालाच आधीचा कागद शोधावा लागतो.

शोधात जुनं वर येतं, नवं सापडतच नाही

कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट असेल, तर शोधाची अनुक्रमणी, म्हणजे शोधयंत्र ज्यातून उत्तरं काढतं ती सूची, ठरावीक वेळाने ताजी होते. ते वेळापत्रक सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. क्लाउडवर हे आपोआप आणि सतत होतं, तरी बदल दिसायला थोडा वेळ लागतो. इथवर काही अवघड नाही.

मराठी मजकुराचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि त्याकडे मुख्यालयातल्या कोणाचंच लक्ष नसतं. प्लांटमधल्या पुष्कळ मराठी सूचना अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठलेले असतात. शोधयंत्राला त्यात 'रजा' हा शब्द दिसतच नाही. दुसरीकडे सही-शिक्क्यासाठी कागद छापून स्कॅन करतात, म्हणजे पीडीएफमध्ये नुसतं चित्र उरतं. परिणामी कोणीतरी 'रजा' असं शोधतं तेव्हा नवं, सही झालेलं, अधिकृत परिपत्रक यादीत येत नाही, आणि पाच वर्षांपूर्वी कोणीतरी युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत) लिहिलेला कच्चा मसुदा पहिल्या क्रमांकावर येतो. माणूस तोच खरा धरून रजेचा अर्ज भरतो.

निदानासाठी फाइल उघडा, एक शब्द निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटलं तर ठीक. भलतीच रोमन अक्षरं आली तर फाँट जुना आहे. काही निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे.

उपाय दोन टप्प्यांत करा. यापुढे मराठी टायपिंग फक्त युनिकोडमध्ये होईल हे लेखी ठरवा. मंगल, निर्मला किंवा नोटो, कोणताही युनिकोड फाँट चालेल. आणि परिपत्रकाचा पूर्ण मजकूर पानावर लिहून सही-शिक्क्याची स्कॅन प्रत खाली जोडा. जुन्या फाइली सगळ्या बदलत बसू नका. ज्या आजही लागू आहेत तेवढ्याच रूपांतरित करा, आणि रूपांतरित मजकूर कोणाकडून तरी डोळ्यांनी तपासून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. शिवाय लोक एकच गोष्ट सुटी, सुट्टी, हॉलिडे, रजा अशा वेगवेगळ्या शब्दांनी शोधतात. पानाच्या खाली हे सगळे शब्द लिहून ठेवले तर काही बिघडत नाही आणि सापडण्याची शक्यता बरीच वाढते. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर रोमन लिपीत 'सुट्टी' टाइप करतो, त्याचीही सोय करा.

कॅशे

कॅशे म्हणजे लवकर उघडावी म्हणून आधीच साठवून ठेवलेली प्रत. ब्राउझरने जुनी पीडीएफ धरून ठेवली असेल तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबून पाहा, किंवा खासगी खिडकीत उघडा. तिथे नवी दिसली तर दोष फक्त त्या संगणकाचा. प्लांटमधल्या सगळ्यांनाच जुनी दिसत असेल आणि ऑफिसात नवी, तर प्लांटच्या प्रॉक्सीकडे, म्हणजे तिथल्या सगळ्या संगणकांना पानं आणून देणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, पाहा. बहुतेक जण नेमकं इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात.

व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ

सुपरवायझरने एकदा गटात टाकलेली फाइल इंट्रानेटच्या ताब्यात राहत नाही. तुम्ही मूळ प्रत हजारदा बदला, ती पीडीएफ फिरतच राहते. सुपरवायझरला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या लोकांसाठी सूचना आहे त्यांच्याकडे कंपनीचा ईमेल नाही, लॉगिन नाही, आणि गेटबाहेर इंट्रानेट उघडत नाही. त्याने त्याच्यापुरता माणसांचा विचार केलेला असतो.

म्हणून प्रत्येक पानावर तळाशी तीन गोष्टी ठळक छापा: कोणत्या तारखेपर्यंत लागू, कोणाला फोन करून खात्री करायची, आणि ताजी प्रत कुठे. 'लागू: १ मे ते ३० जून' असं कागदावरच लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्षी तोच कागद कोणी पाठवला तरी वाचणारा सावध होतो. टाइम ऑफिसपाशी आणि कँटीनमध्ये एकेक पडदा लावा, ज्यावर लॉगिनशिवाय फक्त आजच्या सूचना दिसतील. पगार, हजेरी यातलं काहीही त्या पडद्यावर नको.

मूळ दुखणं: पानाला वाली नाही

वरचे सगळे उपाय करूनही तक्रार परत येत असेल, तर एक साधा प्रश्न विचारा. या पानाचा मालक कोण? उत्तरात बदली होऊन गेलेल्या किंवा नोकरी सोडलेल्या माणसाचं नाव आलं, की कारण सापडलं समजा.

मालकी व्यक्तीच्या नावावर ठेवू नका, पदावर ठेवा. 'प्रशासन अधिकारी, बुटीबोरी' हा मालक, आणि त्या पदावर जो असेल त्याच्याकडे जबाबदारी. सोबत एक पर्यायी पद हवंच. बदलीच्या आणि राजीनाम्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रात लॅपटॉप, ओळखपत्र यांच्या बरोबरीने 'इंट्रानेटवरची पानं कोणाकडे सोपवली' असा रकाना टाका. लोक तो भरतात, कारण त्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

मग प्रत्येक पानाला तपासणीची तारीख द्या. सरसकट 'दर सहा महिन्यांनी' असा नियम करणाऱ्यांशी मी सहमत नाही. बसचं वेळापत्रक हंगामाबरोबर बदलतं, सुट्यांची यादी वर्षाने संपते, यंत्राची कार्यपद्धती यंत्र बदलेपर्यंत टिकते. आणि काही पानांना कायद्याचीच मुदत असते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, आणि समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं नोकरी देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्या पानावर नोकरी सोडून गेलेल्या सदस्याचं नाव आणि बंद पडलेला नंबर असेल, तर ज्या बाईला त्या दिवशी मदत हवी आहे तिच्यासाठी दार बंद आहे. इंट्रानेटवर एकच पान नीट ठेवायची ताकद असेल, तर हे पान आधी नीट करा.

आठवणीचा ईमेल आपोआप जाईल अशी व्यवस्था पॉवर ऑटोमेटमध्ये (कामं आपोआप करून घेण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात) होते. ती कोणाच्या वैयक्तिक खात्यावर बांधू नका. खातं बंद झालं की जोडणी तुटते, आठवणी थांबतात, आणि काही न आल्यामुळे सगळं ठीक आहे असा समज होतो. त्यासाठी वेगळं सेवा-खातं ठेवा.

कोणी चढवायचं, कोणी पाहायचं

चढवण्याचा अधिकार जितक्या जास्त लोकांना, तितक्या जास्त प्रती. प्रत्येक विभागात दोघं पुरतात. घाईत एकेका फाइलला वेगळी परवानगी देण्याची सवय मात्र मोडा. फोल्डरचा वारसा, म्हणजे वरच्या जागेकडून आपोआप मिळणारी परवानगी, एकदा तुटला की कोणाला काय दिसतं हे अॅडमिनलाही सांगता येत नाही. चेक परमिशन्समध्ये, म्हणजे कोणाला कसली परवानगी आहे ते दाखवणाऱ्या सोयीत, एखाद्या साध्या कर्मचाऱ्याचं नाव टाकून अधूनमधून तपासा. 'बाहेरचे सोडून सगळे' हा गट कुठे कुठे जोडला गेला आहे ते विशेष पाहा, कारण पगाराचे तक्ते आणि वैद्यकीय तपासणीचे अहवाल बहुधा त्याच वाटेने उघडे पडतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण दंडाचा आकडा बाजूला ठेवला तरी सहकाऱ्याचा आजार चारचौघांत उघडा पडणं हेच पुरेसं वाईट आहे.

जुने कागद पुसायचे की ठेवायचे

पुसू नका. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ७.५ मध्ये नोंदींची जपणूक आणि बदलांवरचं नियंत्रण दोन्ही येतं, आणि ऑडिटमध्ये किंवा कामगार न्यायालयात 'त्या तारखेला कोणता नियम लागू होता' हाच प्रश्न विचारला जातो. रद्द झालेली परिपत्रकं वेगळ्या लायब्ररीत हलवा. तिच्या सेटिंगमध्ये 'शोधात दाखवावं का' याला 'नाही' करा आणि वाचण्याचा अधिकार एचआर, कायदा आणि ऑडिट यांच्यापुरता ठेवा. चुकून पुसलंच, तर शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये फाइल ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये मिळते, त्यानंतर नाही.

कंपनी अजून शेअरपॉइंट २०१६ किंवा २०१९ वर असेल, तर त्यासाठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मदतीची आणि दुरुस्त्यांची शेवटची तारीख १४ जुलै २०२६ ही आहे. नव्या प्रणालीवर स्थलांतर करताना सगळं जसंच्या तसं उचलून नेण्याचा आग्रह वरून होईल. तो मान्य करू नका. ज्या पानाला मालक सापडत नाही ते नव्या घरात नेऊ नका, संग्रहात ठेवा.

निर्णय कोण घेणार

एक छोटी समिती लागते: एचआर, आयटी, प्रशासन, आणि प्लांटच्या टाइम ऑफिसमधला एक माणूस. हा चौथा नसेल तर समिती वर्धा रोडच्या ऑफिसातच फिरत राहते. महिन्यातून एकदा बसा आणि मुदत उलटलेली पानं, मालक नसलेली पानं आणि शोधात काहीच न सापडलेले शब्द एवढंच पाहा. तिसरी यादी सर्वांत बोलकी असते, तिच्यावर वेळ घालवा. एप्रिलच्या बैठकीत उन्हाळ्याच्या वेळा, पोळ्याआधीच्या बैठकीत स्थानिक सुट्या, दसऱ्याआधी आणि अधिवेशनाची तारीख जाहीर होताच बसचे मार्ग, हे विषय आधीच लिहून ठेवा. समितीने एक अधिकार मात्र मागून घ्यावा: मुदत उलटून गेलेलं पान मालकाची परवानगी न घेता लपवण्याचा. तो नसेल तर बैठकीत फक्त याद्या वाचल्या जातात.

दुरुस्ती झाली का, ते असं पाहा

तक्रार बंद करण्यापूर्वी अॅडमिनच्या किंवा एचआरच्या खात्यातून तपासू नका. फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं एक चाचणी खातं तयार ठेवा. त्या खात्यातून प्लांटच्या संगणकावर आणि साध्या मोबाईलवर या चार वाटांनी तो कागद उघडा: मुखपृष्ठावरून, मराठी आणि रोमन दोन्ही लिपीत शोधून, जुन्या लिंकवरून आणि नोटीस बोर्डावरच्या क्यूआर कोडवरून. चारही ठिकाणी जावक क्रमांक एकच दिसला, तर ज्याने तक्रार केली त्याला फोन करा आणि त्याच्या फोनवर काय दिसतं ते त्याच्याकडून वाचून घ्या. वेगळा क्रमांक निघाला, तर ज्या वाटेवर निघाला तिथून पुन्हा सुरुवात करा.